घाटांतील विजेची सायकल

विजेच्या सायकलीचें नवल आतां पुण्यासारख्या शहरांत उरलेलें नाहीं. कर्वे रस्त्यावरील गर्दींतून ती आवाज न करतां निघून जाते आणि कोणी मान वळवून पाहत नाहीं. सपाट रस्ता, दोन-चार किलोमीटरांचें अंतर, घरीं परतल्यावर भिंतींतील प्लग. एवढ्या चाकोरींत तिचे गुण दिसतात, दोष फारसे दिसत नाहींत. परंतु हीच सायकल घेऊन सुट्टीच्या दिवशीं मंडळी भोर-वेल्ह्याकडे निघतात, किंवा गांवाकडे राहणाऱ्या वडिलांस ‘आतां पॅडल मारण्याचे श्रम नकोत’ म्हणून ती भेट देतात, तेव्हां मात्र तिच्याविषयीं निराळा विचार करणें भाग पडतें. भोर तालुका, आणि ज्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला तो वेल्हें तालुका, हे दोन्ही सह्याद्रीच्या कुशींतले. तेथें रस्ता एक तर चढतो, नाहीं तर उतरतो. मध्यें जी सपाटी सांपडते ती बहुधा भातखाचरांची किंवा धरणाच्या पाण्याची.

अशा मुलुखांत या सायकलीवर बसणाराची ज्या एका गोष्टीशीं सतत गांठ पडते ती म्हणजे उष्णता. चढावर ती मोटरींत व बॅटरींत उत्पन्न होते, उतारावर ब्रेकांत उत्पन्न होते, आणि मुक्कामीं पोंचल्यावर चार्जिंगच्या वेळीं पुन्हां बॅटरींत उत्पन्न होते. सायकल विकणारा दुकानदार अंतराविषयीं बोलतो, वेगाविषयीं बोलतो, रंगाविषयींहि पुष्कळ बोलतो. या उष्णतेविषयीं सहसा बोलत नाहीं.

मुळांत ही कल्पना वाटते तितकी नवी नव्हे. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन या गृहस्थानें मागील चाकाच्या तुंब्यांत मोटर बसविलेल्या सायकलीचें पेटंट १८९५ सालींच मिळविलें होतें, आणि आजच्या बहुतेक स्वस्त सायकलींची मोटर अद्यापि त्याच जागीं असते. अडचण होती ती बॅटरीची. शिशाच्या जड बॅटऱ्या लादल्या कीं सायकलीचा हातगाडा व्हावयाचा. पुढें १९९१ सालीं लिथियम-आयन जातीचे हलके घट विक्रीस आले. १९९३ सालीं जपानच्या यामाहा कंपनीनें पायाच्या जोरास मोटरीची जोड देणारी सायकल बाजारांत आणली. आणि कालांतरानें या दोन गोष्टींची सोयरीक जमली. या घटांचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या घटावर खिशांतील टेलिफोन चालतो, त्याच जातीचे तीस-चाळीस घट एकत्र बांधले म्हणजे सायकलीची बॅटरी झाली.

कायद्यानेंहि या सायकलीस मोकळीक दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें जिच्या मोटरीची अर्धा तास टिकणारी शक्ति ०.२५ किलोवॅटपेक्षां कमी आहे, आणि ताशीं २५ किलोमीटरचा वेग येण्यापूर्वीं किंवा येतांच, अथवा स्वारानें पाय थांबवितांच, जिची मदत बंद होते, अशी पॅडलची सायकल मोटार वाहन गणली जात नाहीं. तिला नोंदणी नको, चालविणारास परवाना नको. कित्येक हौशी तरुण आंतील नियंत्रकांत फेरफार करून ही मर्यादा उठवितात व ताशीं ४० किलोमीटरपर्यंत वेग नेतात. त्या क्षणीं ती सायकल कायद्याच्या दृष्टीनें सायकल राहत नाहीं. आणि चौकट, ब्रेक व टायर मात्र २५ किलोमीटरच्या हिशेबानेंच बनविलेले असतात, ते कांहीं फेरफार झाल्याचें ऐकून मजबूत होत नाहींत.

नियमांतील ‘अर्धा तास’ या शब्दांचा अर्थ शहरांत कळत नाहीं. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत धांवणाऱ्या मोटरीस दर दोन मिनिटांनीं विसावा मिळतो. पाबे गांवाकडून वेल्ह्यास जाणारा पाबे घाट, किंवा भोरहून महाडकडे नेणारा वरंधा घाट, तसा विसावा देत नाहीं. तेथें मोटर सलग राबते, आणि तिची खरी ताकद तेथेंच कळून येते.

चढ म्हणजे काय, हें भाटघर धरणाच्या उदाहरणानें उत्तम समजतें. भोरजवळ येळवंडी नदीवर बांधलेलें हें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याच्या पायथ्याशीं वीजगृह आहे. उंचावर साठविलेलें पाणी खालीं पडतें, पडतांना चक्र फिरवितें आणि त्यांतून वीज निघते, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. घाट चढणारा सायकलस्वार हेंच काम उलट्या दिशेनें करीत असतो. स्वार ७५ किलो, सायकल व सामान २५ किलो, एकूण १०० किलोंचें ओझें ३०० मीटर उंच चढवावयाचें असेल, तर ६०० लिटर पाणी ५० मीटर खालीं पडतांना जितकी शक्ति देईल, तितकी शक्ति कोणाला तरी द्यावी लागते. ती पायांनीं द्यावी किंवा बॅटरीनें द्यावी. डोंगराला त्याचें सोयरसुतक नाहीं.

विजेच्या मापांत ही शक्ति सुमारें ८२ वॅट-तास भरते. विजेच्या बिलांतील एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, हें लक्षांत ठेवलें म्हणजे अंदाज येतो. मोटरींत व तारांत वाया जाणारा भाग धरला तर बॅटरींतून ११० च्या आसपास वॅट-तास निघून जातात. आतां सर्वसाधारण सायकलीची बॅटरी ३६ व्होल्ट व १० अँपियर-तासांची, म्हणजे ३६० वॅट-तासांची असते. सपाटीवर बेताची मदत घेतली तर एका किलोमीटरास ८ ते १० वॅट-तास पुरतात. म्हणजे ३०० मीटरचा एक चढ, स्वारानें पाय हलविण्यापुरतेच हलविले तर, सपाटीवरील ११ ते १४ किलोमीटरांइतकी बॅटरी खाऊन टाकतो. आणि हें रस्त्याच्या घर्षणाचा खर्च न धरतां. जाहिरातींत छापलेला ‘एका चार्जमध्यें ५० किलोमीटर’ हा आंकडा खोटा असतोच असें नाहीं, पण तो सपाट रस्त्याचा, हलक्या स्वाराचा व कमींत कमी मदतीचा असतो. शहरी गृहस्थ किलोमीटरांचा हिशेब करतो. घाट मीटरांचा हिशेब मागतो.

यास्तव निघण्यापूर्वीं अंतराबरोबर चढहि पाहून ठेवावा. खिंडीच्या रस्त्याची आणखी एक खोडी अशी कीं तो दोन्ही बाजूंनीं चढतो. पुण्याकडून पाबे घाट ओलांडून वेल्ह्यास उतरलेल्या स्वारास वाटतें कीं कठीण भाग संपला. परंतु त्याच वाटेनें परतावयाचें असेल तर तेवढाच चढ पुन्हां उभा असतो. महामार्गावरील चेलाडी फाट्यानें नसरापूर, मार्गासनी या वाटेनें वेल्ह्यास जाणारा रस्ता त्यामानानें सौम्य आहे, आणि वयस्क माणसानें किंवा नवशिक्यानें तोच धरावा हें बरें. मात्र महामार्गावरून फाट्यापर्यंत येण्याचें साहस विजेच्या सायकलीवरून करूं नये. मालमोटारी ताशीं ७०-८० किलोमीटरांनीं जात असतां त्यांच्या शेजारून २५ च्या वेगानें जाणारास मोटरीचें संरक्षण नाहींच, पण पायी चालणाराची सावधगिरीहि नसते.

आतां मोटरीकडे वळावें. विजेच्या मोटरीचा स्वभाव असा आहे कीं ती भरभर फिरत असतांना घेतलेल्या विजेचा मोठा भाग गतींत रूपांतरित करते. पण ओझ्याखालीं रखडूं लागली कीं विजेचा वाढता भाग नुसत्या उष्णतेंत जातो. १०० मीटर जाण्यांत ६ मीटर उंची चढणारा रस्ता घ्या. मोटरीच्या सुमारें २०० वॅट उपयुक्त शक्तीस स्वारानें पायांनीं १०० वॅटची जोड दिली, तर सायकल ताशीं १६ किलोमीटरांच्या आसपास चढते व मोटर सुखानें फिरते. स्वार पाय सोडून स्वस्थ बसला तर वेग ११ च्या खालीं येतो. चढ आणखी तीव्र झाला तर माणसाच्या चालीइतका उरतो. अशा वेळीं मोटरीचा तुंबा हात लावतां येऊं नये इतका तापतो. पायांचे श्रम वांचविण्याकरितां घेतलेल्या सायकलीवर घाटांत पाय मारावेच लागतात, ही गोष्ट विकत घेतांनाच सांगितली जाईल तर पुष्कळ मोटरी वांचतील. गिअर असतील तर चढ सुरू होण्यापूर्वींच हलका गिअर टाकावा. मध्येंच टाकूं गेल्यास साखळी ओढाखालीं असते व कधीं कधीं तुटते. तुंबा फार तापला तर सावली पाहून पंधरा मिनिटें थांबावें. त्यावर थंड पाणी ओतूं नये.

चढावर बॅटरीवरहि ताण पडतो. ती निम्म्याहून रिकामी असतांना मोठा प्रवाह मागितला, म्हणजे तिचा दाब एकाएकीं उतरतो आणि आंतील संरक्षक पाटी वीज तोडते. खूण दोन रेघा दाखवीत असतांना सायकल मेल्यासारखी उभी राहते ती यामुळें. पंचवीस किलोंची सायकल तीव्र चढावर, मागें मालमोटार असतांना, अशी थबकली तर स्वार तोल जाऊन रस्त्याच्या मध्याकडे कलतो. म्हणून चढावर नेहमीं डाव्या कडेनें जावें, दोघांनीं शेजारीं शेजारीं चालवूं नये, आणि मोटरीची ओढ कमी होत आहे असें वाटतांच आधींच खालीं उतरावें. सायकल हातानें ढकलीत नेतांना वीज बंद करावी; मुठीचा ‘थ्रॉटल’ असलेल्या सायकली नकळत पिळल्या जाऊन हातांतून निसटतात.

चढाला माणूस भितो, उताराला भीत नाहीं; आणि खरा धोका उतारांत आहे. २५ किलोमीटरची मर्यादा मोटरीला आहे, उताराला नाहीं. मोटर बंद झाली तरी सायकल ४०, ४५ असा वेग घेत जाते, आणि साध्या सायकलीपेक्षां तिचें वजन सात-आठ किलोंनीं अधिक असतें. कित्येकांची अशी समजूत आहे कीं उतारावर बॅटरी आपोआप परत चार्ज होते. कांहीं सायकलींत तशी योजना असते हें खरें. परंतु दांतेरी चाकांची लहान मोटर ज्यांच्या तुंब्यांत असते, त्या बहुतेक सायकलींत मोटर उतारावर चाकापासून सुटी होते. ती ना वीज परत देत, ना वेगास आवर घालीत. चढतांना खर्च केलेली शक्ति उतरतांना जाते ती कांहीं वाऱ्यांत, आणि उरलेली सर्व ब्रेकांत.

ही शक्ति केवढी? वर सांगितलेल्या ३०० मीटरच्या उतारावर, वाऱ्याचा वांटा सोडला तर, एक लिटर थंड पाणी जवळजवळ उकळीस येईल इतकी उष्णता ब्रेकांच्या दोन पातळ तबकड्यांवर व चार लहानशा पट्ट्यांवर ओतली जाते. पट्ट्या तापून गुळगुळीत झाल्या कीं मूठ दाबली तरी पकड येत नाहीं. म्हणून ब्रेक सबंध उतारभर हलकासा धरून ठेवूं नये. वेग वाढूं लागला कीं दोन्ही ब्रेक एकदम, निश्चयानें, पण झटका न देतां दाबावे. वेग २० च्या खालीं आणावा. मग ते सोडून वाऱ्यानें थंड होऊं द्यावे. पुढच्या ब्रेकाची भीति पुष्कळांस वाटते. वास्तविक थांबविण्याचें अधिक काम तोच करतो. मागचा एकटा दाबला तर चाक जागीं अडकून घसरतें. उतार संपल्यावर तबकडीस बोट लावून पाहण्याचा मोह टाळावा.

वेग दुपटीनें वाढला तर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें, हा नियम जुनाच आहे. ताशीं २५ वेग असतांना धोका दिसल्यापासून हात ब्रेकावर पडेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यांत सायकल ७ मीटर पुढें गेलेली असते. नंतर कोरड्या सपाट रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें ६ मीटर लागतात. ४० च्या वेगास हे दोन आंकडे ११ व १५ होतात. रस्ता ओला असेल तर ते १५ मीटर तीसच्या घरांत जातात, आणि उतारावर याहूनहि पुढें. घाटांतल्या वळणावर इतका रस्ता डोळ्यांस दिसतच नाहीं. आडोशापलीकडे म्हैस उभी आहे कीं एस.टी. येत आहे, हें वळल्याशिवाय कळत नाहीं. सबब वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे.

वळणाचीच आणखी एक बाब. स्वस्त सायकलींत पॅडल फिरत आहे कीं नाहीं एवढेंच ओळखणारें यंत्र असतें. पाय थांबविल्यावर मोटर तत्क्षणीं थांबत नाहीं. अर्धा-एक सेकंद ओढीत राहते. सरळ रस्त्यावर हें जाणवतहि नाहीं. आडव्या वळणावर मात्र तेवढीच ओढ सायकलीस बाहेरच्या कडेकडे नेते. ब्रेकाची मूठ किंचित् दाबली कीं मोटर तुटते अशी सोय बहुतेक सायकलींत आहे. तेव्हां वळणापूर्वीं बोटें मुठीवर ठेवावीं व नवी सायकल प्रथम मोकळ्या मैदानांत चालवून तिची ही संवय ओळखून घ्यावी. हेल्मेट कायदा विचारो वा न विचारो, घालावें, आणि त्याचा पट्टा हनुवटीखालीं बांधावा. न बांधलेलें हेल्मेट ही टोपीच होय.

आषाढ-श्रावणांत भोर-वेल्ह्यास जाणारांची गर्दी होते. धबधबे तेव्हांच, हिरवळ तेव्हांच, आणि दरडीहि तेव्हांच. वरंधा घाट दरडींच्या भयानें पावसाळ्यांत वेळोवेळीं वाहतुकीस बंद करण्यांत येतो. अशा काळीं ‘सायकलच तर आहे’ म्हणून अडथळ्याच्या बाजूनें शिरणें म्हणजे दगडास आमंत्रण देणें. पण दरडीपेक्षां नित्याचा शत्रु चिखल आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करून खाचरांतून बाहेर पडणारे ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर मातीचे पट्टे सोडीत जातात, आणि त्यावर एक सर आली कीं साबण लावल्यासारखा रस्ता होतो. जेथें दोन्ही बाजूंस लावणी चालू दिसेल तेथें मोटरीची मदत कमी करून जावें. धुक्यांत पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा भर दुपारींहि लावावा. सायकलीची बॅटरी पावसाचे शिंतोडे सोसते. पण फरशीवरून ओढा वाहत असेल तर त्यांतून सायकल घालूं नये. तुंबा पाण्यांत बुडाला तर पाणी मोटरींत शिरतें, आणि गुडघाभर वाहत्या पाण्यांत स्वारहि उभा राहत नाहीं. घरीं आल्यावर चिखल ओल्या फडक्यानें पुसावा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखालीं ही सायकल धरणें हा तिच्या तारांच्या जोडांवर केलेला अत्याचार आहे.

येथपर्यंत रस्त्याचें झालें. उष्णतेचा दुसरा अंक घरांत होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. कारण रस्त्यावर माणूस जागा असतो.

लिथियम-आयन घटांत दोन धातूंच्या पत्र्यांवर दोन निरनिराळे लेप असतात, आणि त्या दोहोंमध्यें केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. सर्व कांहीं एका ज्वालाग्राही द्रवांत भिजलेलें असतें. हा पडदा शाबूत आहे तोंवर घटासारखा गरीब प्राणी नाहीं. सायकल आपटून, घटास मर्यादेबाहेर चार्ज करून, किंवा फार तापवून तो पडदा एका ठिकाणीं फाटला, कीं आंतल्या आंत दोन्ही टोकें जुळतात. घट तापतो, तापल्यानें आंतील रासायनिक क्रिया वाढते, ती वाढल्यानें घट आणखी तापतो. एक घट पेटला कीं शेजारचा पेटतो. या आगीस बाहेरच्या हवेची फारशी वाट पाहावी लागत नाहीं.

मार्च २०२२ मध्यें तामिळनाडूंतील वेल्लोर येथें घरीं रात्रीं चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरनें पेट घेतला, आणि धुरानें गुदमरून बाप व तेरा वर्षांची मुलगी दोघेंहि दगावलीं. त्याच महिन्यांत पुण्याच्या लोहगांव-धानोरी भागांत रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर जळाली. त्या वर्षीं अशा घटना लागोपाठ झाल्यामुळें केंद्र सरकारनें विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें कडक केले. स्कूटरची बॅटरी सायकलीच्या बॅटरीहून पुष्कळ मोठी असते हें खरें. परंतु घट त्याच जातीचे, आणि लहान खोलींत कोंडलेला धूर सायकलीच्या बॅटरीचाहि प्राणघातक ठरतो. शिवाय सायकलीची बॅटरी काढून घरांत नेतां येते, आणि ही सोयच तिला पलंगाखालीं नेऊन ठेवते.

चार्जिंगचा पहिला नियम घाटांतून निघतो. चढ चढून, उन्हांतून आलेली बॅटरी आधींच तापलेली असते. राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवण्यास पोंचलेला स्वार जेवण होईपर्यंत थोडी भर पडेल म्हणून बॅटरी लगेच प्लगला लावतो. ती सायकलीवरून काढून सावलींत ठेवावी, आणि हातास साध्या हवेइतकी थंड लागल्यावरच, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासानें, चार्जर जोडावा. बॅटरी भिजली असेल तर तोंडाच्या खांचा कोरड्या फडक्यानें पुसून वाळूं द्याव्या. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या शेडमध्यें भर दुपारीं चार्जिंग करूं नये. तेथील हवाच अंग भाजणारी असते.

जागा निवडतांना एकच प्रश्न विचारावा: येथें आग लागली तर घरांतील माणसांनीं बाहेर कोठून जावें? दाराजवळ, जिन्याखालीं, बोळांत ती ठेवली तर तीच वाट बंद होते. शहरांतील सदनिकेंत बहुधा दारामागची जागाच मोकळी असते, व तेथेंच बॅटरी विराजमान होते. ही पद्धति सोडून द्यावी. फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, पडदे, गाद्या व गॅसची टाकी यांपासून दूर, हवा खेळत असेल तेथें बॅटरी ठेवावी. चार्जर तिच्यावर न ठेवतां शेजारीं ठेवावा, दोहोंवर कांहीं झांकूं नये. गांवाकडच्या घरांत पडवी यास उत्तम, मात्र पावसाची झड आणि वैरणीचा ढीग दोन्ही तेथें नसावीं. घरांतील मोठें माणूस जागें असतांनाच चार्जिंग करावें. १० अँपियर-तासांची बॅटरी २ अँपियरच्या चार्जरनें पांच-सहा तासांत भरते. संध्याकाळीं पांचास लावली तर निजण्यापूर्वीं काम होतें. रात्रभर ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. खर्चाची धास्ती नको. एका पूर्ण चार्जला अर्धें युनिटहि लागत नाहीं.

चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरावा, यांत यत्किंचितहि ढिलाई नको. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरींत दहा घट एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येकाची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे सर्वांची ४२. शिशाच्या ‘३६ व्होल्ट’ बॅटरीचा चार्जर याहून वर, ४४ व्होल्टच्या आसपास जातो. दोहोंवर ‘३६’ हाच आंकडा छापलेला असतो आणि कित्येकदां टोकहि सारखेंच बसतें. घरांत जुन्या स्कूटरचा, लॅपटॉपचा व सायकलीचा असे तीन काळे चार्जर एकाच खणांत पडलेले असतील, तर प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून नांव लिहावें. पांच मिनिटांचें काम आहे. चार्जर बिघडला तर त्याच कंपनीचा घ्यावा. बाजारांतील अर्ध्या किंमतीच्या चार्जरमध्यें कमी काय केलेलें असतें, तें डोळ्यांस दिसत नाहीं. प्लग सैल बसणारें, काळवंडलेलें किंवा ठिणगी देणारें सॉकेट प्रथम बदलून घ्यावें. विजांच्या गडगडाटांत, आणि वीज गेली असतां, चार्जर भिंतींतून काढून ठेवावा. पावसाळ्यांत वीज परत येते ती कधीं कधीं झटका देत येते.

बॅटरीचें आयुष्य वाढविण्याची युक्ति सोपी आहे. ती अगदीं रिकामी होऊं देऊं नये, आणि रोज शिगोशीग भरूंहि नये. रोजच्या बाजारहाटास ८० टक्के भरली तरी पुरते; घाटाची फेरी असेल त्याच दिवशीं पूर्ण भरावी. सायकल पावसाचे चार महिने बंद ठेवावयाची असेल तर बॅटरी निम्मी भरून, काढून, कोरड्या थंड जागीं ठेवावी व महिन्यांतून एकदां तिची खूण पाहावी. पूर्ण भरून कपाटांत ठेवलेली बॅटरी बसल्या बसल्या म्हातारी होते. पूर्ण रिकामी ठेवलेली पुन्हां उठतच नाहीं, आणि तिला जबरदस्तीनें चार्ज करून उठविणें धोक्याचें असतें.

बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर उग्र वास आला, सुरसुर ऐकूं आली, किंवा चार्जिंगच्या वेळीं हात ठेववेना इतकी ती तापली, तर प्लगचें बटण बंद करून, धूर नसेल तरच, ती उघड्यावर नेऊन ठेवावी. धूर निघूं लागला असेल तर तिला हात लावूं नये. तो धूर विषारी असतो. घरांतील सर्वांनीं बाहेर पडावें, जातां जातां मध्यें येणारें दार लावून घ्यावें, आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावें. वाळू टाकल्यानें ज्वाळ झांकते, पण उष्णता आंतच राहते. या आगीस भरपूर पाणी, आणि तेंहि सुरक्षित अंतरावरून, हाच उपाय आहे. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी कांहीं तासांनीं पुन्हां पेटूं शकते, म्हणून ती परत घरांत आणूं नये.

साधारणतः पांचशें ते आठशें पूर्ण चार्जनंतर बॅटरीची धारणा कमी होते व पूर्वीं सहज चढणारा घाट अर्ध्यावर अडूं लागतो. अशी बॅटरी रस्त्याकडेच्या कारागिराकडून उघडून, निरनिराळ्या वयाचे घट मिसळून दुरुस्त करून घेण्याची प्रथा पडत चालली आहे. जुना घट लौकर भरतो व नवा मागें राहतो, आणि त्यांतून जुन्यावर अतिरिक्त भार पडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हां ती भंगारवाल्याच्या पोत्यांत किंवा घंटागाडींत न टाकतां, तोंडाच्या पितळी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून, जेथून सायकल घेतली त्या विक्रेत्याकडे परत द्यावी व त्याची पोंच मागून घ्यावी.